स्वस्त प्लेअरचा आवाज घरच्या घरी कसा पारखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटात ख्यालगायनाच्या, नाट्यपदांच्या, अभंगांच्या सीडींची चळत आहे आणि त्या वाजवायला दोन-तीन हजारांचा डीव्हीडी प्लेअर आहे, किंवा कुणी घर बदलताना देऊन गेलेला जुना सीडी प्लेअर. ही पानं अशा श्रोत्यांसाठी आहेत. म्हणून उदाहरणंही तंबोरा, तबला आणि पेटीचीच घेतली आहेत.

एवढ्या स्वस्त प्लेअरमधून खरंच चांगला आवाज येतो का?

येतो. सीडीवर आवाज अंकांच्या रूपात असतो: दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे ४४,१०० नमुने, आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये हे मिळून ठरवलं. ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनीचा पहिला प्लेअर जपानच्या बाजारात आला, आणि साध्या ऑडिओ सीडीचं हे माप तेव्हापासून आजतागायत तेच आहे. कॅसेटची मोटर डळमळली की सूरही डळमळायचा. सीडीत वाचलेले अंक आधी साठवले जातात आणि मग क्वार्ट्झच्या स्थिर ठोक्यावर बाहेर सोडले जातात. त्यामुळे सूर हलण्याचा दोष अगदी स्वस्त यंत्रातही राहत नाही. अंकांचं पुन्हा विद्युतलहरीत रूपांतर करणारी चिपही आता फार महाग राहिलेली नाही.

स्वस्त प्लेअर मार खातो तो दुसऱ्या ठिकाणी: वीजपुरवठ्याची गुणगुण, यंत्राची घरघर, ट्रॅकचा कापला गेलेला आरंभ, काठावरच्या ट्रॅकवर अडखळणं आणि कारखान्यातून चालू होऊन आलेले नको ते परिणाम. हे सगळं साध्या कानांना ऐकू येतं. मात्र ते नेमकं कुठे ऐकायचं, हे ठाऊक हवं.

पारखायला बसण्याआधी काय करावं?

आधी मेनूत जा. डीव्हीडी प्लेअरमध्ये ‘थ्रीडी सराउंड’, ‘रॉक’, ‘पॉप’, ‘हॉल’, ‘बास बूस्ट’ असे प्रकार असतात. ते सगळे बंद करा. स्पीकर सेटअपमध्ये ‘५.१’ निवडलेलं असेल तर ‘स्टिरिओ’ करा. पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ ठेवलेले असतील तर काही प्लेअर खालचे स्वर सबवूफरच्या जॅककडे वळवतात. तुमच्याकडे सबवूफर नसेल तर डग्ग्याचा घुमारा वाटेतच नाहीसा होतो, आणि दोष मात्र प्लेअरला लागतो.

कराओकेची सोय असलेल्या प्लेअरमध्ये माइकचा आवाज आणि ‘इको’ शून्यावर आणा. माइक लावलेला नसला तरी त्या बाजूनं खरखर मिसळू शकते.

मग मागची बाजू पाहा. वायर लाल-पांढऱ्या जॅकमधूनच घ्या. जुन्या प्लेअरला टीव्हीच्या अँटेनाची जोडणी असते, तिचा आवाज बहुधा मोनो आणि दबका असतो. एचडीएमआयनं टीव्हीला जोडून टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल, तर तुम्ही टीव्ही पारखत आहात.

शेवटी स्पीकरच्या वायरींचं प्लस-मायनस तपासा. एका स्पीकरला ते उलटं लागलं असेल तर गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहत नाही, खोलीभर पसरल्यासारखा वाटतो आणि खालचे स्वर पातळ होतात. खात्री करायला दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून ठेवा आणि एकाची जोडणी उलटी करून पाहा. ज्या जोडणीत खालचा आवाज भरतो, ती बरोबर.

माझ्या हॉलमध्ये सगळंच कर्कश लागतं. प्लेअरचा दोष आहे का?

बहुधा नाही. गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती आणि सरकत्या काचेच्या खिडक्या असलेल्या हॉलमध्ये वरचे स्वर भिंतींमध्ये उड्या मारत राहतात. बसायच्या जागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ अशी शेपटी ऐकू आली तर खोलीचंच काम आधी करायला हवं. फरशीवर जाड सतरंजी, खिडकीला पडदा आणि समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट एवढ्यानं जो फरक पडतो, तो प्लेअर बदलून पडत नाही.

ऐकताना पंखा बंद ठेवा. पंख्याच्या घरघरीखाली तंबोऱ्याची आस आणि प्लेअरची गुणगुण दोन्ही झाकली जातात. रात्री दहानंतरचा तास उत्तम. शेजाऱ्यांसाठी आवाज बेताचा ठेवलात तरी शांततेमुळे जास्त ऐकू येतं.

पारखण्यासाठी कोणती सीडी वापरावी?

जी तुम्हाला पाठ आहे ती, पण रेकॉर्डिंग चांगलं असलेली. तीन मिनिटांच्या जुन्या ७८च्या तबकडीवरून सीडीवर उतरवलेलं गाणं कितीही आवडतं असलं, तरी ते इथे उपयोगाचं नाही. त्यातली खरखर मूळ तबकडीची, त्यातला मोनो आवाजही मूळचाच.

माझ्या मते घरगुती पारखीसाठी तंबोऱ्याइतकं चांगलं साधन नाही. ख्यालाच्या सीडीचं पहिलं अर्धं मिनिट, गायकानं सूर लावण्याआधीचं, पुन्हा पुन्हा ऐका. तंबोरा सतत वाजतो आणि त्याच्या आवाजात अचानक काही घडत नाही, त्यामुळे कानाला तपासायला सवड मिळते. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यानं जी जवारी उघडते, तिच्यातून एकेका तारेचे कितीतरी वरचे स्वरांश बाहेर येतात. एका झंकारात खालपासून वरपर्यंतचा सगळा पट्टा मिळतो. काळी एकला सा लावणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या चांगल्या साखळीत जवारी रेशमासारखी उलगडत जाते आणि तार विरेपर्यंत तिच्यामागे जाता येतं. वरचा भाग विकृत होत असेल तर तोच झंकार पत्र्यावर घासल्यासारखा लागतो. वरचा भाग दबलेला असेल तर चार तारा वेगळ्या न राहता त्यांचा एकच गुंजारव होतो.

तंबोऱ्यानंतर तबला. चाटेवरची किनारीची ‘ना’ टोकदार हवी, पण टोचता कामा नये. ‘तीं’ गोल हवं. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घसीट खालून वर चढताना सलग चढली पाहिजे. मध्येच एखादा स्वर फुगला तर तो खोलीचा किंवा स्पीकरच्या पेटीचा घुमारा आहे, प्लेअरचा नाही. पेटी ऐकायची ती भात्याच्या श्वासासाठी आणि अभंगातली टाळ ऐकायची ती तिच्या विरण्यासाठी.

गायकाचा आवाज सर्वांत शेवटी ऐका. गाणं आवडतं असलं की आपण गाण्यात शिरतो आणि यंत्र विसरतो. तसं व्हावं म्हणूनच प्लेअर घेतलेला असतो, पण पारखताना ते आड येतं.

चाचणीसाठी वेगळी डिस्क घरी बनवता येईल?

येते, आणि जरूर बनवावी. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये हव्या त्या हर्ट्झचा स्वर आणि निव्वळ शांतता तयार होते. एका कोऱ्या सीडी-आरवर हे ट्रॅक ऑडिओ सीडी म्हणून घाला: एक मिनिट शांतता, फक्त डावीकडे बोललेला आवाज, फक्त उजवीकडे बोललेला आवाज, २०० हर्ट्झचा स्वर, आणि २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर. स्वरांची पातळी पूर्ण ठेवू नका, दहा-बारा डेसिबल खाली ठेवा. चढत्या स्वराला आवाज बेताचाच असू द्या, नाहीतर वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला, म्हणजे ट्वीटरला, इजा होऊ शकते.

शांततेच्या ट्रॅकवर अ‍ॅम्प्लिफायर नेहमीच्या पातळीवर ठेवून स्पीकरपासून हातभर अंतरावर कान द्या. मग प्लेअर स्टँडबायवर टाका. फरक ऐकू आला तर तो प्लेअरचा आवाज. बसायच्या जागेवरून तो ऐकू येत नसेल तर त्याची चिंता सोडा.

चढता स्वर वर कुठे नाहीसा होतो, हे वयावरही अवलंबून असतं. साठीतल्या श्रोत्याला १०-१२ हजारांच्या पुढचं ऐकू न येणं अगदी स्वाभाविक आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला सोबत बसवा. प्लेअरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो त्यांनाच आधी कळेल.

दोन प्लेअरची तुलना कशी करायची?

सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट पातळी. दोन आवाजांत जो किंचित मोठा, तो कानाला जास्त स्पष्ट आणि जास्त भरीव वाटतो. मोठा आहे हे कळतही नाही, फक्त ‘चांगला’ वाटतो. सीडी प्लेअरची पूर्ण पातळी साधारण २ व्होल्ट असते. मोबाइलच्या हेडफोन जॅकची बहुधा त्याहून बरीच कमी असते. म्हणून मोबाइलपेक्षा प्लेअर ‘दमदार’ वाटणं हा पुरावा नाही. २०० हर्ट्झचा स्वर लावून मल्टिमीटरनं स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही प्लेअरची पातळी जुळवा. दोन आकड्यांत एक टक्क्याच्या आसपास फरक राहिला तर तो साधारण ०.१ डेसिबल होतो आणि तेवढा चालतो. मीटरला २ किंवा २० व्होल्टची एसी रेंज हवी. अगदी स्वस्त मीटरवर एसीसाठी २०० व्होल्टपासूनच सुरुवात असते, त्यावर हे माप नीट येत नाही. स्वर २०० हर्ट्झचाच घ्यायचा, कारण साधे मीटर काहीशे हर्ट्झच्या वर अचूक राहत नाहीत.

दुसरी गोष्ट, कोणता प्लेअर वाजतोय हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. एकाच सीडीच्या दोन प्रती दोन्ही प्लेअरमध्ये घाला. एकानं नाणं उडवून ठरवायचं आणि अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवायचं. दुसऱ्यानं पाठ फिरवून ऐकायचं. बटण फिरवणाऱ्यानं बोलायचं नाही. दोन्ही प्लेअर एका वेळी सुरू ठेवून मधेच बदल केला तर एक किंचित पुढे असतो, आणि त्या उडीवरूनच ओळख पटते. म्हणून दर वेळी ट्रॅक आरंभापासून लावा आणि दहा-पंधरा सेकंदांचाच तुकडा ऐका. आवाजाच्या पोताची स्मृती फार थोडा वेळ टिकते. आज ऐकलेला प्लेअर आणि गेल्या आठवड्यात मित्राकडे ऐकलेला प्लेअर यांची तुलना होत नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. दहा फेऱ्यांत आठ वेळा बरोबर ओळखलं तर आनंद होतो, पण नुसत्या नशिबानं आठ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे साडेपाच टक्के आहे. नऊ किंवा दहा बरोबर आले तर ती सुमारे एक टक्क्यावर येते. मी नऊची अट धरतो.

या पद्धतीनं ऐकल्यावर दोन धडधाकट प्लेअरमधला फरक बहुतेकांना सापडत नाही. हे कळलं की पुष्कळ पैसे वाचतात आणि ते स्पीकरला लावता येतात.

महागड्या प्लेअरच्या आवाजात जिवंतपणा असतो असं जाणकार सांगतात. ते खोटं का?

त्यांना तसं ऐकू येतं, यावर माझा विश्वास आहे. डोळ्यांना दिसणारं जड, देखणं यंत्र आणि त्याची किंमत यांचा ऐकण्यावर खरोखर परिणाम होतो, आणि तो चांगल्या कानाच्या माणसावरही होतो. म्हणून वाद घालण्यापेक्षा वरची नाण्याची चाचणी सोबत बसून करावी. पाठ फिरवून ऐकतानाही त्यांनी नऊ वेळा ओळखलं तर तो फरक खरा आहे आणि मग त्याचं कारण शोधणं हे फार आनंदाचं काम आहे.

खोक्यावर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ लिहिलंय. त्यानं सीडी सुधारते का?

सीडीवर १६ बिटच असतात, जास्तीचे कुठून येणार? मात्र रूपांतर करणारी चिप आतल्या आत नमुन्यांची संख्या वाढवते, त्याचा फायदा असा की बाहेर पडणाऱ्या लहरीतून नको असलेला वरचा कचरा सौम्य फिल्टरनं काढता येतो. फिलिप्सचा १९८२ चा पहिला प्लेअर याच युक्तीवर उभा होता. त्यांच्याकडे तेव्हा १४ बिटांची चिप होती. चौपट नमुने घेऊन त्यांनी तिच्याकडून १६ बिटांच्या तोडीचं काम करून घेतलं.

मग सुपर ऑडिओ सीडीचा, म्हणजे सीडीपेक्षा उच्च दर्जाच्या डिस्कचा, प्लेअर घ्यावा का?

२००७ मध्ये ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग मांडला. उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवला. नेहमीच्या पातळीवर श्रोत्यांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यानं त्यासाठी पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

स्पीकरमधून सतत ‘हंऽऽ’ असा आवाज येतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असते. उगम एकेक वायर काढून शोधायचा. प्लेअरची आरसीए (लाल-पांढरी) वायर अ‍ॅम्प्लिफायरमधून काढली आणि तरी गुणगुण राहिली, तर प्लेअर निर्दोष. थांबली, तर आता वायर परत लावा आणि केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. बऱ्याच घरांत चोर इथे सापडतो. केबलचं अर्थिंग एकीकडे, अ‍ॅम्प्लिफायरचं दुसरीकडे, आणि दोन्हींच्या मधून प्रवाहाचा फेरा तयार होतो. सगळी यंत्रं एकाच स्विचबोर्डवर घेतली की बहुधा आवाज कमी होतो. अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल जोडणी असेल तर ती वापरा. त्यातून फक्त प्रकाश जातो, विजेचा संबंधच तुटतो. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. त्यानं गुणगुण थांबली तरी जिवाला धोका राहतो.

गुणगुणीऐवजी ‘झर्रर्र’ असेल तर गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर बंद करून पाहा. वीज गेल्यावरच येत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. साइन वेव्हवाल्या इन्व्हर्टरवर हा त्रास बहुधा होत नाही.

ट्रॅकची पहिली मात्रा गिळली जाते.

हा स्वस्त डीव्हीडी प्लेअरचा खरा दोष आहे, आणि चर्चेत तो फार कमी येतो. ट्रॅक सुरू करताना यंत्र क्षणभर आवाज बंद ठेवतं. चित्रपट पाहताना कळत नाही, पण समेआधीचा तबल्याचा उठाव कापला गेला की मन खट्टू होतं. असंच दुसरं म्हणजे दोन ट्रॅकमधली फट. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित संपून द्रुत सुरू होताना तंबोरा अखंड वाजत असतो, तिथे ट्रॅकचा आकडा बदलताना आवाज तुटला तर प्लेअर त्या संगीताच्या लायकीचा नाही, असं मी म्हणेन. सेटिंगमध्ये याला उपाय बहुधा नसतो. म्हणून विकत घेण्याआधी हेच तपासा.

जुन्या छापाची एक सीडी फारच टोचरी वाजते, बाकीच्या ठीक आहेत.

सुरुवातीच्या काळातल्या काही सीडींवर वरचे स्वर मुद्दाम उचलून ठेवलेले आहेत. २० हजार हर्ट्झला ही वाढ ९ डेसिबलपेक्षा जास्त भरते. डिस्कवर तशी खूण असते, आणि ती वाचून प्लेअरनं ते स्वर पुन्हा खाली आणायचे असतात. जुने सीडी प्लेअर हे इमानानं करतात, पण काही डीव्हीडी प्लेअर आणि संगणकावर कॉपी करणारे प्रोग्रॅम त्या खुणेकडे दुर्लक्ष करतात. तीच सीडी एखाद्या जुन्या सीडी प्लेअरवर लावून पाहा. तिथे ती मऊ वाजली तर कोडं सुटलं.

एका डिस्कवर शंभर गाणी असलेली एमपी३ सीडी चाचणीला चालेल?

नाही. ऑडिओ सीडीवरून सेकंदाला १,४११ किलोबिट वाचले जातात, १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये त्याच्या अकराव्या भागाहूनही थोडं कमी उरतं. टाळ, मंजिरी आणि तंबोऱ्याची जवारी यांचं त्यात पाणी होतं, सळसळ ऐकू येते. एमपी३वरून पुन्हा ऑडिओ सीडी बनवली तरी गेलेलं परत येत नाही.

महाग वायरनं फरक पडतो का?

नाही. वायर धड असावी आणि प्लग घट्ट बसावा. दमट हवेत, विशेषतः कोकणात, जॅकवर हिरवट थर चढतो. अधूनमधून प्लग काढून पुसून लावला तर खरखर जाते.

नवा प्लेअर शंभर तास वाजवल्यावर ‘खुलतो’ म्हणतात.

यंत्र बदलत नाही, आपला कान त्या आवाजाला सरावतो. दुकानदारानं असं सांगितलं तर परत करण्याची मुदत आधी विचारून घ्या.

ओरखडे पडलेली सीडी वाजते, पण आवाज बिघडलेला असतो का?

अंक वाचताना चुका होणं रोजचंच आहे आणि त्यासाठी दुरुस्तीची व्यवस्था सीडीतच आहे. माहिती डिस्कवर विखरून लिहिलेली असल्यानं ट्रॅकच्या दिशेनं सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड पूर्णपणे भरून काढता येतो. त्यापुढे प्लेअर आजूबाजूचे नमुने पाहून अंदाज करतो आणि तेही न जमल्यास टिकटिक होते किंवा आवाज उडी मारतो. दुरुस्त होणाऱ्या चुकांनी आवाज मळत नाही.

पुसताना मधून काठाकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको, कारण गोल ओरखडा ट्रॅकच्याच दिशेनं जातो. छापील बाजू जास्त जपा. चकाकणारा थर त्या बाजूला, पातळ लाखेच्या आवरणाखाली असतो. तिथे पेनानं नाव कोरलं की ती जागा कायमची गेली. पावसाळ्यात बुरशीचे ठिपके दिसले तर साध्या पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून धुवा आणि मऊ सुती कापडानं टिपून घ्या.

जुना प्लेअर घेताना दुकानात काय तपासू?

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गर्दीत आवाज पारखता येत नाही, त्यामुळे तिथे यंत्र तपासा. सोबत तीन डिस्क न्या: सत्तर मिनिटांहून लांब अशी छापील सीडी, मैफलीची सीडी आणि घरी बनवलेली सीडी-आर. लांब सीडीचा शेवटचा ट्रॅक लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटचा ट्रॅक काठाशी असतो आणि थकलेलं लेझर किंवा वाकडी फिरणारी चकती तिथे उघडी पडते. सीडी-आरवरून परत येणारा प्रकाश छापील डिस्कपेक्षा कमी असतो, ती झटकन वाचली गेली तर लेझरमध्ये दम आहे. मैफलीच्या सीडीवर ट्रॅक बदलताना हेडफोन कानाला लावून तंबोरा तुटतो का ते ऐका. ट्रे चार-पाच वेळा उघडून मिटवा. तो अडखळत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झाला आहे. तो सहसा स्वस्तात बदलून मिळतो, त्यामुळे भाव कमी करून घ्या आणि प्लेअर उचला. लेझर वाचायलाच वेळ घेत असेल तर मात्र आधी भिंगावर धूळ आहे का ते बघायला सांगा, आणि पुसूनही फरक पडला नाही तर पुढच्या दुकानात जा.